सातव्या पानावरचा बेडूक

माझी मुलगी गणितात मागे पडली आहे हे मला तिच्या बाईंनी सांगितलं नाही, तिच्या वहीनंही सांगितलं नाही. ते मला एका बेडकानं सांगितलं. शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा, फोनवर.

बेडूक हिरवा होता, गळ्यात टाय होता आणि भुवया काळजीनं वर गेलेल्या होत्या. बेडकाला भुवया नसतात हे मला माहीत आहे. ज्यांनी हा खेळ काढला त्यांना माहीत नव्हतं, आणि अशा लोकांच्या हाती आपण पोरांचं गणित दिलेलं आहे. भुवयांच्या खाली मजकूर होता : "प्रिय पालक, आपला पाल्य सलग तिसऱ्या आठवड्यात सातव्या पानावर आहे. वर्गाची सरासरी : तेविसावे पान. आपल्याला काळजी वाटत असेल!"

तोवर वाटत नव्हती. तेव्हापासून वाटायला लागली. हनुवटी कापली ती वेगळीच.

प्रकार असा होता. शाळेनं यंदापासून तिसरीचं गणित खेळातून शिकवायचं ठरवलं होतं. फोनवर एक तळं, तळ्यात कमळाची चाळीस पानं, प्रत्येक पानावर एक गणित. उत्तर बरोबर आलं की बेडूक पुढच्या पानावर उडी मारतो, चुकलं की पाण्यात पडतो आणि एक पान मागे येतो. मुलांनी घरी रोज अर्धा तास खेळायचं. कोण कितव्या पानावर आहे, किती सेकंदांत उत्तर दिलं, किती वेळा बुडालं, सगळं तो खेळ टिपून ठेवणार आणि शाळेला नि पालकांना कळवणार. पूर्वी बाई पोराच्या तोंडाकडे बघून ओळखायच्या, डोक्यात शिरलं की नाही. आता बाई बेडकाकडे बघतात.

सोबत परिपत्रक होतं. सत्र संपताना विसाव्या पानाच्या आत जे असतील त्यांना "आधार गटा"त बसवण्यात येईल. आधार हा शब्द मी दोनदा वाचला. ज्याला आधार देतात, त्याला आधी कुणीतरी ढकललेलं असतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. आधार गटाची खोली व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून. सत्र संपायला चार आठवडे.

मुलीनं एकच विचारलं, "म्हणजे मी दोन वेण्यांच्या शेजारी नाही बसणार?"

दोन वेण्या म्हणजे तिची मैत्रीण. पहिलीपासून दोघी एका बाकावर. दोघींत मिळून एकच खोडरबर होता. तो बरोबर मध्ये कापून अर्धा अर्धा वाटून घेतलेला, आणि कुणाचा अर्धा आधी संपतो यावर त्यांची काहीतरी पैज होती जी मला सांगण्यासारखी नव्हती.

"तसं काही होणार नाही," मी म्हणालो. "बाबा आहे ना."

हनुवटीला कापूस चिकटवलेल्या माणसानं दिलेलं हे वचन.

आता माझा धंदा सांगतो, कारण लाज तिथेच आहे. मी वजनमापं तपासतो. दुकानोदुकानी जायचं, प्रमाणित वजन तराजूत टाकायचं, काटा बघायचा. बरोबर असेल तर शिक्का, चुकत असेल तर जप्ती. बावीस वर्षं. एका काट्यानं मला फसवलेलं नाही. दुकानदार मला लांबून बघूनच खाकरतात. आणि हा माणूस त्या बेडकावर एक क्षणही संशय घेऊ शकला नाही. ही या सगळ्या कथेतली शरमेची गोष्ट आहे. ती आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी शोधत बसू नये.

बायको दवाखान्यात रक्त तपासते. ती म्हणाली, "अरे, तिला विचारलंस का, काय होतंय ते?"

"आठ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? आकडे समोर आहेत."

"रोज शंभर माणसांचे आकडे माझ्या समोर असतात. तरी विचारावं लागतं, उपाशीपोटी आलात की खाऊन आलात?"

मी ऐकलं नाही. नवऱ्यांची ही जुनी पद्धत आहे, मी ती मोडली नाही.

मी ऐकलं ते तळमजल्यावरच्या मोजणीकाकांचं. ते जमीन मोजणीतून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतातून साखळी ओढत फिरलेला माणूस. आता मोजायला शेत नाही म्हणून तो आमच्या इमारतीतल्या माणसांना मोजतो. बेडकाचा मजकूर त्यांनी चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला.

"जमीन असो की पोरगी असो," ते म्हणाले, "आधी चतुःसीमा ठरवायची. आलेख काढा."

त्यांनीच काढला. आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर, टाचण्या आणि लाल दोरा लावून. आडव्या बाजूला दिवस, उभ्या बाजूला पानं. चार दिवसांत तो दोरा भिंतीवर असा पसरला, की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे. मुलगी सातव्या पानावरून आठव्यावर जायची, धपकन सहाव्यावर यायची, सातव्यावर जायची, पुन्हा पाचव्यावर. सगळ्यात वाईट म्हणजे ती खेळताना आनंदात असायची. बुडताना तर जास्तच. मला वाटलं, निबरपणा आला पोरीला.

शेवटी मी ठरवलं, विसाव्या पानापर्यंत आपणच ढकलून द्यावं. बंद पडलेली गाडी बाप ढकलतोच की. फोन माझाच होता. कचेरीत अकरा ते एक जरा निवांत असतं. तिसरीचं गणित! दुसऱ्या आठवड्यात सोमवारी मी बसल्या बसल्या अकरावं पान गाठलं, मंगळवारी चौदावं. छाती फुगली. मग पंधराव्या पानावर मजकूर आला : "पानाचा दोन तृतीयांश भाग बोटाने रंगवा."

बावीस वर्षं लोखंडी वजनं उचलून माझी बोटं वजनांसारखीच झालेली आहेत. मी पानाऐवजी बेडकाचा डोळा रंगवला. बेडूक बुडाला. दुसऱ्यांदा तीन चतुर्थांश रंगलं. बुडाला. मी नऊ वेळा बुडालो. नवव्यांदा मी फोन टेबलावर आपटला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पलीकडचा शिपाई म्हणाला, "साहेब, कुणाचा फोन होता?"

"बेडकाचा."

त्यानं मान डोलावली. सरकारी कचेरीत यापेक्षा विचित्र फोन येतात.

एकट्यानं होत नाही म्हटल्यावर घरची फौज लावली. सासरे आमच्याकडेच असतात. त्यांच्या फोनवरही मुलीचं खातं उघडून दिलं, आणि दुपारची पाळी त्यांनी घेतली. "जावईबापू, आम्ही तोंडी हिशेब करणारी माणसं," असं म्हणून ते आरामखुर्चीत बसायचे. उत्तर बोलून द्यायचीही सोय खेळात होती, म्हणून ते फोन छातीवर ठेवायचे आणि प्रश्न ऐकता ऐकता डोळे मिटायचे. संध्याकाळी मोजणीकाका. ते पडद्यावर पट्टी ठेवून अपूर्णांक मिलिमीटरमध्ये मोजल्याशिवाय उत्तर देत नसत. आणि सात वाजता खुद्द मुलगी, जी आम्ही तिघांनी दिवसभर कमावलेलं अर्ध्या तासात बुडवायची.

त्या शनिवारी पुन्हा बेडूक आला. या वेळी भुवया कपाळाच्याही वर गेल्या होत्या.

"आपला पाल्य सकाळी चिडखोर असतो व अपशब्द वापरतो. दुपारी एका गणितावर पंचवीस मिनिटे विचार करतो. या वेळी घशातून अखंड आवाज येतो. सायंकाळी अत्यंत अचूक, परंतु कुणावरही विश्वास ठेवत नाही. सात वाजल्यानंतर पाल्य अतिशय आनंदी असतो व सर्व उत्तरे चुकवतो. सल्ला : मुख्याध्यापिकांना त्वरित भेटावे."

प्रत्येकानं आपापलं वाक्य ओळखलं होतं.

"घशातून आवाज म्हणजे?" सासरे म्हणाले. "मी विचार करत होतो."

"कुणावरही विश्वास ठेवत नाही, हे मात्र बरोबर आहे," मोजणीकाका म्हणाले. त्यांना ते प्रशस्तिपत्रक वाटलं.

सोमवारी शाळेच्या हजेरी कारकुनाचा निरोप आला : आपली मुलगी गेल्या आठवड्यात पाचही दिवस गैरहजर, कारण कळवावे. मी हातातली वजनं टाकून शाळेत पळालो. मुलीला मी रोज स्वतः फाटकात सोडतो.

कारकून खिडकीच्या आत बसले होते. खिडकी इतकी खाली होती की बोलायचं तर कमरेत वाकावं लागत होतं. शाळेनं ती मुलांच्या उंचीची केली असेल, पण त्यातून बोलावं पालकांनाच लागतं.

"मुलगी हजर होती," मी वाकून म्हणालो.

"पटावर होती," ते म्हणाले. "पण अकरा ते एक ती दुसरीकडे बसून बेडूक खेळत होती. आता हजेरी आणि बेडूक जोडलेले आहेत. बेडकानं आम्हाला कळवलं."

"अहो, बाईंनी तिला डोळ्यांनी पाहिलंय!"

"बाई माणूस आहेत हो. चूक होऊ शकते. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याचा काय फायदा?"

"मग पटावर आधी काय लिहिलं होतं?"

"हजर. ते आम्ही दुरुस्त केलं." त्यांनी पट फिरवून दाखवला. लाल शाईनं, पाच दिवस, नीट. "आजारी होती असं डॉक्टरचं पत्र आणा. रजा मंजूर करून टाकू."

म्हणजे जी मुलगी गैरहजर नव्हती तिच्या गैरहजेरीसाठी, न झालेल्या आजाराचं पत्र. खरं सांगायचं तर ती खेळत नव्हती, मी खेळत होतो. पण हे त्या खिडकीत वाकून सांगण्याइतकी माझी पाठ धड नव्हती. भीक नको पण कुत्रं आवर, असं मनात म्हणत मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरलो.

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला भांडता आलं असतं. त्यांनी पुढ्यात बेडकाचा पूर्ण अहवाल ठेवला होता आणि चेहऱ्यावर अशी करुणा होती, की मला वाटलं आता या माझा हात धरणार.

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं. "अपशब्द... आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी... ती हे कुठून ऐकते?"

आता दोनच रस्ते होते. गप्प बसावं तर पोरगी वेडी ठरते. बोलावं तर बाप चोर ठरतो. मी बोललो. सगळं. शिपाई, पट्टी, घोरणं, सगळं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिव्या देणारा पाल्य समोरच बसलेला पाहून त्यांना क्षणभर हायसं वाटलं असावं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण नियम असा आहे, की दुसऱ्या कुणी खेळल्याचं कबूल झालं तर खातं पुसून पहिल्या पानापासून सुरू करायचं."

"आणि आधार गट?"

"तारीख तीच. दोन आठवडे आहेत अजून."

माझ्या समोर त्यांनी एक बटण दाबलं. सातवं पानही गेलं. हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

घरी आलो. बायकोनं काय झालं ते ऐकून घेतलं. "मी सांगितलं होतं" असं म्हणाली असती तर मी चिडून मोकळा झालो असतो. तिनं फक्त विचारलं, "मग? अजून तिला विचारलं नाहीसच?"

त्या दिवशी सात वाजता मी पहिल्यांदा मुलीच्या शेजारी जमिनीवर बसलो. दोन आठवडे मी तिच्याबद्दलच्या सगळ्या गोष्टी बघितल्या होत्या. तिला बघितलं नव्हतं.

पहिलं पान. सहा गुणिले सात. तिनं सेकंदभर पडद्याकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत "बेचाळीस" म्हणाली आणि एकेचाळीस दाबलं.

"अगं! बेचाळीस म्हणालीस ना आत्ता?"

"हो. म्हणून एकेचाळीस दाबलं."

"का?"

"थांब ना बाबा. बघ."

बेडूक पाण्यात पडला. धप्प. बुडबुडे आले. मग तळ्याच्या तळातून एक मोठी बेडकी वर आली. कमरेला पदर खोचल्यासारखं काहीतरी, हातात टॉवेल. तिनं पिल्लाचं डोकं खसाखसा पुसलं आणि म्हणाली, "असू दे. परत बघू." आणि त्याला परत पानावर उचलून ठेवलं.

मी नऊ वेळा बुडालो होतो. नऊच्या नऊ वेळा मी शिव्या देण्यात इतका गुंतलो होतो, की ही बाई मला दिसलीच नव्हती.

"पाच वेळा पडलं ना, की ती गाणं म्हणते," मुलगी मला समजावत होती. "दहा वेळा पडलं की ती शेजारी बसते आणि माशी देते. दोन वेण्यांना माहीतच नाही, ती कधी पडतच नाही ना. बरोबर आलं तर नुसती चांदणी मिळते. चांदणी काय, सगळ्यांनाच देतात."

"म्हणजे तुला उत्तरं येतात?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी दुकानदाराकडे पाहतो. "येणारच ना. येत नसतील तर चुकून एखादं बरोबर येईल."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन मुख्याध्यापिकांसमोर उभा. म्हटलं, बाई, आपल्या देखत. वाटेत मी मुलीला बजावलं होतं, आज एकदाही पडायचं नाही.

"एकदाही?"

"एकदाही. दोन वेण्यांच्या शेजारी बसायचंय ना?"

तिनं ओठ दाबून मान डोलावली. खुर्चीत बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. आणि सुटली. गुणाकार, भागाकार, दोन तृतीयांश. दोन तृतीयांश तर एका बोटात. एकोणीस मिनिटांत चाळीस पानं. मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. दारातून हजेरी कारकून डोकावले. बेडकानं शेवटची उडी मारली आणि तो पलीकडच्या काठावर पोचला. तिथे एक सोनेरी पेला ठेवला होता. बाकी काही नव्हतं.

मुलगी थोडा वेळ बघत राहिली. "पलीकडे कुणीच नाहीये," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवर थाप मारली. मला त्या वेळी पेलाच दिसत होता. तेवढ्यात पडदा लाल झाला.

"ही गती पाल्यास शक्य नाही. या खात्यावर पूर्वी इतर व्यक्ती खेळल्या आहेत. खाते सत्र संपेपर्यंत गोठवण्यात येत आहे. अंतिम नोंद : पहिले पान."

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही बघितलंत."

"बघितलं हो." त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "सगळं बघितलं. पण मी बघितलेलं लिहायला त्यांनी रकानाच ठेवलेला नाही."

"कागदावर परीक्षा घ्या."

"ती कुठे भरू?"

त्या भल्या बाईला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. बेडकानं ऐकलं असतं तर पाल्य पुन्हा चिडखोर ठरला असता.

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. आमच्या खात्याचा नियम आहे : ज्या साधनानं मोजून व्यवहार होतो ते तपासलेलं आणि शिक्का मारलेलं पाहिजे. बावीस वर्षांत मी लोकांचे काटे जप्त केलेत. त्यातल्या एका भाजीवालीनं मला सुनावलं होतं, "काटा चुकतोय साहेब, माझी भाजी नाही चुकत." तेव्हा मी हसलो होतो आणि काटा उचलून नेला होता. निदान काटा नेला होता. भाजीला शिक्षा केली नव्हती. मी चार पानी अर्ज लिहिला : अमुक शाळेत एक न तपासलेलं माप वापरात आहे, जप्तीची परवानगी मिळावी.

साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. ते सज्जन. त्यांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि मागची अनुसूची उघडून माझ्याकडे सरकवली.

"तराजू आहे. लिटरचं माप आहे. पट्टी आहे. टॅक्सीचं मीटर आहे," ते बोट फिरवत म्हणाले. "मुलं आपल्या अनुसूचीत येत नाहीत हो."

सत्र संपलं. नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी मी मुलीला फाटकात सोडलं आणि नेहमीसारखा वळलो नाही. ती व्हरांड्यातून चालत गेली. आपल्या वर्गाच्या दारापाशी जरा थांबली, आतून दोन वेण्यांनी हात वर केला, हिनं हात वर केला, आणि ही पुढे टाकीकडे गेली. भिंतीवरचा आलेख मी घरी जाऊन फाडून टाकला. टाचण्यांची भोकं राहिली. ती मोजणीकाकांनी संध्याकाळी मोजून सांगितली : एकशे बारा.

त्या दिवशी मी बूटही न काढता खुर्चीत बसून राहिलो. बाप म्हणून माझी अंतिम नोंद कितव्या पानावर आहे हे मला कुणी कळवायची गरज नव्हती. मागून पावलं वाजली आणि एकदम डोक्यावर काहीतरी पडलं. टॉवेल. मुलगी माझं कोरडं डोकं खसाखसा पुसत होती.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. "परत बघू."

मी टॉवेलच्या आतूनच विचारलं, "टाकीजवळ कसं आहे गं?"

"तिथे सगळे पडलेलेच आहेत," ती म्हणाली. "चौदा जण. पण टॉवेल घेऊन वर कुणी येत नाही."

सकाळी ती दप्तर भरत होती. वह्या, डबा, अर्धा खोडरबर. आणि वरून घडी घातलेला टॉवेल. दप्तर काही बंद होईना. मी गुडघ्यावर बसलो आणि काही न विचारता दोन्ही हातांनी चेन ओढून दिली.